मॉडेल रेल्वेच्या लेआउटवरची नदी: आधी तळ आणि काठ, पाणी सर्वांत शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठ बाय चार फुटांच्या प्लायवर एचओ स्केलचा, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढ्या मापाचा, लेआउट (छोट्या रेल्वेचा देखावा) बांधताय. त्यावर नागपूरजवळच्या कामठीच्या कन्हान नदीवरल्या रेल्वे पुलासारखा दगडी खांबांचा पूल घेतलाय आणि त्याखाली फूटभर रुंदीची नदी. पारदर्शक इपॉक्सी रेझिन (हार्डनर मिसळला की कडक होणारं द्रव) आणून जुलैमध्ये एकाच दमात ओतलं. ते खालून गळलं, काठावर चढलं, वरून दुधाळ झालं, आणि वाळल्यावर नदी न दिसता प्लास्टिक ओतलेलं दिसतंय. आता कोणतं रेझिन घ्यावं, आणि झालेलं काम वाचेल का, असं विचारलंय, सोबत फोटोही पाठवलेत.

काम वाचेल. ते कसं, हे शेवटी सांगतो. रेझिनचा ब्रँड बदलून मात्र फार फरक पडणार नाही. लेआउटवरचं पाणी खरं वाटणार की नाही हे बाटली उघडायच्या कितीतरी आधी ठरतं. तळाला कोणता रंग दिला, काठ पाण्यात कसा उतरवला आणि वर्षातला कोणता महिना धरला, यावर सगळं अवलंबून असतं. रेझिन फक्त वरची ओल दाखवतं.

म्हणून सर्वांत आधी महिना ठरवा. आपल्याकडची नदी बारा महिने एकसारखी नसते. ऑगस्टमधली कन्हान काठोकाठ असते आणि पाणी दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं, गढूळ. बोटभर खालचंही काही दिसत नाही. मग तिथे पारदर्शक रेझिनचं काय काम? पात्र सपाट करा, गढूळ रंग द्या, वरून चकाकी द्या, झालं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळ बसतो, पाणी हिरवट आणि नितळ होतं, काठावर कांस पांढरा फुलतो. मे महिन्यात पात्रभर वाळू पसरलेली असते, मधून एक बारीक धार वाहते, कुठे खांबाच्या पायथ्याशी डोह उरतो, आणि वाळूत डांगरवाडी लावलेली असते. माझी पसंती मे महिन्याला. वाळू, वाळलेला गाळ, टरबुजाचे वेल, कुडाची झोपडी एवढ्यावर दृश्य उभं राहतं, आणि रेझिन लागतं ते त्या धारेपुरतं. सुरुवातीला थोडं पाणी आणि जास्त नदी असा बेत ठेवला तर हात बसतो.

आता मापाचं बघू, कारण तुमच्या फोटोत मला सर्वांत जास्त खुपलं ते हेच. एचओ म्हणजे १:८७. तुमची ३० सेंटिमीटरची नदी प्रत्यक्षात २६ मीटरची झाली. कन्हानचं पात्र पुलाजवळ त्याच्या कितीतरी पट रुंद आहे. नुसतं ३०० मीटरचं पात्र धरलं तरी एचओमध्ये साडेतीन मीटर जागा लागेल. ती कुणाच्याच घरात नसते, त्यामुळे नदी आखडावी लागतेच. पण आखडताना दोन्ही काठ दाखवून मध्ये चिंचोळं पाणी ठेवलं की तो कालवा दिसतो. त्यापेक्षा एकच काठ नीट दाखवा, दुसरा लेआउटच्या कडेला किंवा झाडांच्या आड जाऊ द्या आणि पुलाचे शेवटचे गाळे वाळूवर उभे करा. बघणाऱ्याला वाटतं, नदी अजून पुढे आहे.

हेच गणित लाटांना लावा. वाऱ्याने उठलेली पाच सेंटिमीटरची लहर १:८७ मध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या जवळपास येते. तुम्ही ब्रशने उठवलेल्या लाटा तीन मिलिमीटरच्या आहेत, म्हणजे पाव मीटरहून उंच. कन्हानला एरवी तशा लाटा कुठे दिसतात! खोलीचंही तसंच. कमरेएवढं पाणी म्हणजे इथे जेमतेम एक सेंटिमीटर. तेवढंही ओतायची गरज नाही. खोली रंगाने दाखवायची असते, ओतायचा थर तीन मिलिमीटरचा पुरे.

नदी रुळाखाली असते, हे लेआउट आखतानाच ध्यानात घ्यावं लागतं. सपाट प्लायवर रूळ टाकून झाल्यावर नदीला खाली जायला जागा उरत नाही. मग लोक रूळ चढणीवर नेतात आणि गाडी चढावर घसरते. सोपा उपाय म्हणजे सगळ्या प्लायवर दोन इंची निळा किंवा गुलाबी इन्सुलेशन फोम चिकटवायचा आणि नदी त्यात कोरायची. दोन इंच म्हणजे सुमारे साडेचार मीटर खोल पात्र, लहान पुलाला भरपूर. शीतगृहांचं इन्सुलेशन करणाऱ्यांकडे या फोमचे तुकडे मिळतात. थर्माकोलही चालतो, पण कापताना त्याचे दाणे घरभर होतात आणि कोरलेली कड खडबडीत राहते. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: फायबरग्लासच्या दुकानात मिळणारं पॉलिएस्टर रेझिन आणि डब्यातले स्प्रे रंग या दोन्ही प्रकारच्या फोमला विरघळवतात. इपॉक्सी विरघळवत नाही.

पात्र कोरल्यावर पाणसळ लावून बघा. रेझिन स्वतःच समपातळीत येतं, त्यामुळे टेबल एका बाजूला कललं असेल तर सगळं पाणी तिकडे जाऊन बसेल आणि वाळल्यावर ते दुरुस्त होत नाही.

आता वाळू. इथे जरा थांबून काम करा. बांधकामाच्या वाळूतला एक मिलिमीटरचा दाणा एचओमध्ये जवळपास नऊ सेंटिमीटरचा धोंडा होतो. तुमच्या फोटोत नदीकाठी वाळू नसून गोटे पसरलेत, त्याचं कारण हेच. कन्हानचीच वाळू घ्या, पण आधी धुवा, उन्हात कडकडीत वाळवा, मग मैद्याच्या चाळणीतून आणि त्यानंतर मलमलच्या दुहेरी कापडातून चाळा. कापडातून जी भुकटी खाली पडेल ती तुमची वाळू. चाळणीत आणि कापडात जे अडकेल तेही फेकू नका. ते दगड-गोटे म्हणून खांबांच्या पायथ्याशी उपयोगी पडतं. वाळू ओली दिसते तिथे रंग गडद असतो, म्हणून पाण्याच्या कडेला बोटभर पट्टा पातळ तपकिरी रंगाने ओला करून घ्या आणि कोरड्या वाळूकडे तो विरत न्या. हा ओला पट्टा नसेल तर वाळू आणि पाणी वेगवेगळे चिकटवल्यासारखे दिसतात. वाळू चिकटवायला फेविकॉल पाण्यात निम्मं-निम्मं करून भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाका. त्याने द्रावण वाळूत मुरतं, थेंब वर तरंगत राहत नाहीत.

काठ मात्र वाळूचा करू नका. आपला काठ काळ्या मातीचा, पावसाने कापलेला, वरून ताठ आणि खाली ढासळलेला असतो. उन्हाळ्याची नदी असेल तर त्या मातीला भेगा हव्यात. खरी काळी माती चाळून पातळ फेविकॉलमध्ये कालवा, दोन मिलिमीटरचा थर द्या आणि पंख्याखाली सुकू द्या. भेगा आपोआप पडतात आणि लहान असल्याने मापातही बसतात. झाडं परक्या देशाच्या लेआउटवरून उचलू नका. तयार पाकिटांत मिळणारी सूचिपर्णी झाडं कन्हानच्या काठी लावली की केलेलं सगळं वाया जातं. आपल्याकडे काठावर बाभूळ असते, पळस असतो, आणि ओल धरून बेशरमची झुडपं माजलेली असतात. बेशरमची फुलं फिकट जांभळी. टाचणीच्या टोकाने रंगाचे ठिपके दिले तरी ओळख पटते. कांसासाठी सुतळी उसवून तिचे तंतू गुच्छात लावा आणि टोकांना पांढऱ्या रंगाचा कोरडा ब्रश फिरवा.

तळाच्या रंगाकडे येतो. लोक नदीला निळा रंग देतात, आणि तिथेच फसतात. पाणी निळं दिसतं ते आकाशामुळे. लेआउटवर आकाशाचं काम खोलीतला उजेड आणि मागचा पडदा करतात. वरून सरळ खाली पाहिलं तर पाणी पडलेल्या उजेडातला दोन टक्क्यांच्या आसपासच परत फेकतं, म्हणजे तळ दिसतो. नजर जितकी तिरपी, तितकं प्रतिबिंब वाढतं आणि तळ दिसेनासा होतो. म्हणून तुमचा लेआउट टेबलाच्या उंचीवर असेल आणि लोक उभ्याने पाहणार असतील तर तळावर मेहनत घ्या. छातीच्या उंचीवर असेल तर तळापेक्षा मागच्या पडद्यावर आणि पृष्ठभागाच्या चकाकीवर वेळ घाला.

तुमचा लेआउट टेबलावर आहे. तर डोहाच्या मध्यभागी काळपट हिरवा रंग घ्या, नुसता काळा नको. बाहेर येताना त्यात मातकट तपकिरी मिसळत जा, मग पिवळसर, आणि काठाशी थेट वाळू. अॅक्रिलिक रंग ओले असतानाच एकमेकांत ओढा, पट्टे उमटू देऊ नका. बुडालेल्या दगडांवर हिरवट शेवाळाचा हलका हात द्या. हे सगळं पूर्ण वाळल्यावर वरून थोडं पाणी शिंपडून बघा: रेझिनखाली रंग कसे दिसतील याचा चांगला अंदाज येतो, कारण ओले रंग गडद होतात. फार गडद वाटलं तर आत्ताच उजळ करा.

पुलाचे खांब ओतायच्या आधी त्यांच्या जागी बसवलेले हवेत. नंतर वर ठेवलेला खांब पाण्यावर तरंगतो. प्रत्येक खांबावर पुराची रेघ दाखवा: त्या उंचीपर्यंत दगड वाळलेल्या गाळाने मळकट, त्यावर स्वच्छ, आणि अगदी पाण्यालगत ओलसर काळा पट्टा. आपल्या रेल्वे पुलांच्या खांबांवर पाण्याची पातळी मोजायचे आकडे आणि धोक्याच्या पातळीची खूण रंगवलेली असते. ती घातली की पूल भारतीय रेल्वेचा वाटू लागतो. खांबाच्या वरच्या अंगाला, म्हणजे प्रवाह येतो त्या बाजूला, पाणी अडतं आणि खालच्या अंगाला भोवऱ्याची शेपटी निघते. खालच्या बाजूला वाळूची लहानशी जीभ साठलेली दाखवा. प्रवाह कुठून कुठे आहे, हे बघणाऱ्याला न सांगता कळतं.

आता गळती. रेझिन पाण्यापेक्षा घट्ट असलं तरी टाचणीएवढ्या भोकातून तासन्‌तास पाझरत राहतं. पात्रावर पीओपी किंवा व्हाइट सिमेंटचा पातळ थर द्या. तो वाळला, रंगवून झाला की फेविकॉलचे दोन हात द्या आणि प्रत्येक हात पूर्ण पारदर्शक होईपर्यंत थांबा. नंतर रेझिनचा अगदी पातळ थर ब्रशने लावून रात्रभर ठेवा. हा थर भोकं बुजवतो आणि तळातली हवाही अडवतो. त्यामुळे मुख्य थरात बुडबुडे कमी येतात. लेआउटच्या कडेला नदी कापली जाते तिथे अॅक्रिलिकची पट्टी लावून तिच्या आतल्या अंगाला गुळगुळीत पॅकिंग टेप चिकटवा. इपॉक्सी त्या टेपला धरत नाही, पट्टी सहज सुटते. फट सिलिकॉनने भरा.

मग रेझिन. ३० सेंटिमीटर रुंद, ६० लांब आणि तीन मिलिमीटर जाड थराला ५४० मिलिलिटर लागतं. त्यापेक्षा जास्त एकदम कालवू नका. इपॉक्सी घट्ट होताना उष्णता सोडतं. मगमध्ये मोठा लगदा राहिला तर तो स्वतःच्याच उष्णतेने धुमसतो, आणि जाड थर ओतला तर खालचा फोम वितळतो. रेझिन-हार्डनरचं प्रमाण दोनास एक की तीनास एक, वजनाने की मापाने, हे बाटलीवर असतं. ते काटेकोर पाळा: वजनाचं असेल तर किचनच्या डिजिटल काट्यावर, मापाचं असेल तर खुणा असलेल्या कपात. लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवला तर रेझिन चिकट राहतं, कधीच कडक होत नाही. सावकाश, मगच्या कडा खरवडत कालवा, मग दुसऱ्या स्वच्छ मगमध्ये ओतून पुन्हा कालवा. पहिल्या मगच्या भिंतीला चिकटलेलं न मिसळलेलं रेझिन अशाने मागे राहतं. नायट्राइलचे हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा. इपॉक्सीची अॅलर्जी एकदा जडली की आयुष्यभर राहू शकते, यात हयगय नको.

नागपूरची हवा या कामात फार मधे येते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की बाटलीवर अर्ध्या तासाची मुदत लिहिलेलं रेझिन त्याच्या निम्म्याहून कमी वेळात घट्ट होऊ लागतं. पहाटे काम करा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत उलट: रेझिन मधासारखं घट्ट असतं आणि बुडबुडे अडकून बसतात. तेव्हा बंद बाटल्या कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा. पावसाळ्यात हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड हार्डनरशी लागून वर दुधाळ, मेणचट थर येतो. तुमचं जुलैमध्ये हेच झालं असणार. आणि उन्हाळ्यात त्या खोलीतला कूलर बंद ठेवा. कूलर खोलीत ओल भरतो आणि बाहेरची धूळही आत ओढतो, रेझिनला दोन्ही नकोत. माझ्या मते आपल्याकडे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर आणि फेब्रुवारी ते मार्चची सुरुवात हे दिवस सर्वांत चांगले.

ओतल्यावर बुडबुड्यांवर हेअर ड्रायर फिरवू नका, धूळ उडून आत बसते. ज्योतीचा लहान टॉर्च झटकन फिरवला की बुडबुडे फुटतात. प्लास्टिकचे खांब आणि सुतळीचं गवत जवळ असेल तिथे मात्र टाचणीच वापरा. वरून पुठ्ठ्याचा खोका उपडा घाला आणि एक दिवस तिकडे फिरकू नका. काठावर रेझिन चढतं ते बारीक वाळू आणि गवत ते वर शोषून घेतात म्हणून. त्यामुळे पाण्यालगतचा शेवटचा सेंटिमीटरभर काठ ओतण्याआधी नुसता रंगवून मोकळा ठेवा. वाळू आणि गवत तिथे नंतर लावा, मग चढलेली चकचकीत कड त्याखाली झाकली जाते.

वाळलेलं रेझिन आरशासारखं सपाट असतं आणि वाहती नदी तशी कधीच नसते. हा शेवटचा हात अॅक्रिलिक ग्लॉस जेलचा. चित्रकलेच्या दुकानात मिळतं, आधी पांढरं दिसतं, वाळल्यावर पारदर्शक होतं. चपट्या ब्रशने पातळ लावा आणि ब्रशच्या टोकाने हलके ठोके देत जा. डोहात ठोके विरळ, धारेत प्रवाहाच्या दिशेने लांबट, खांबाच्या खालच्या अंगाला व्ही आकारात उघडणारे. पांढरा फेस फक्त जिथे पाणी दगडावर आपटतं तिथे, तोही जवळजवळ कोरड्या ब्रशने. पहिला थर वाळल्यावर दुसरा देता येतो, म्हणून घाई करू नका.

तलाव करणार असाल तर याहून सोपं आहे. नागपूरच्या फुटाळ्यासारखं शांत पाणी एमडीएफच्या (दाबून केलेल्या लाकडी बोर्डाच्या) गुळगुळीत तुकड्यावर नुसतं रंगवून, ग्लॉस वार्निशचे पातळ हात देत आणि मध्ये बारीक पॉलिश पेपर फिरवत छान होतं, रेझिन लागतच नाही. अंबाझरी तलावासारखी जलपर्णी दाखवायची तर हिरव्या कागदाला छिद्र पाडल्यावर निघणारे गोल तुकडे मोठे पडतात. वाळलेल्या चहापत्तीला हिरवा रंग देऊन काठाशी दाटीने लावा.

आणखी एक सुचवतो, कारण जागेचं दुखणं सगळ्यांचंच आहे. आपल्या सातपुड्याच्या नॅरोगेजचं, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचं, माप ७६२ मिलिमीटर. १:८७ मध्ये ते पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास येतं, म्हणजे एन गेजचा (एचओहून लहान मॉडेल रेल्वेचा) नऊ मिलिमीटरचा तयार रूळ त्याला चालतो. त्या मार्गांवर लहान नाले आणि लहान पूल भरपूर होते. दहा मीटरचा नाला तुमच्या लेआउटवर साडेअकरा सेंटिमीटरमध्ये पूर्ण, दोन्ही काठांसकट बसतो, काही आखडावं लागत नाही. नागपूरच्या इतवारीहून छिंदवाड्याकडे जाणारी छोटी लाइन २०१५ मध्ये आणि नागभीडची २०१९ मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाली. ती गाडी आता आपल्या हातांनीच पुन्हा चालवता येईल, आणि ती कुणीतरी चालवावी असं मला मनापासून वाटतं. नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात जाऊन इंजिनं आणि डबे जवळून बघा, मापं डोळ्यांत बसतात. अशा स्टेशनवर इंजिनात पाणी भरायच्या नळाखाली कायम चिखल आणि डबकं असायचं. तिथे काळ्या रंगावर ग्लॉस जेलचा एकच थेंब टाका, कडा बोटाने विरवा. एवढ्याशा डबक्याने स्टेशन जिवंत होतं.

आता तुमच्या झालेल्या नदीबद्दल. आधी वरचा दुधाळपणा कोमट पाणी आणि साबणाने मऊ स्पंज लावून धुऊन बघा. मेणचट थर असेल तर तो निघून जाईल आणि खालचं पाणी स्वच्छ दिसेल. धुतल्यावरही दुधाळ राहिलं तर दोष आत आहे, तो निघणार नाही. पण रेझिन उखडू नका, उखडताना काठ आणि खांब दोन्ही जातील. सगळ्या पृष्ठभागावर २२० नंबरचा पॉलिश पेपर पाणी लावून फिरवा, त्या तीन मिलिमीटरच्या लाटा खाली आणा, पुसून पूर्ण वाळवा. मग वरूनच ऑगस्टची कन्हान रंगवा: मधल्या प्रवाहात गढूळ तपकिरी, काठाकडे जरा फिकट, कडेला वाहून आलेल्या काड्या-पाल्याची रांग. काठावर चढलेली कड या रंगाखाली जाईल, आणि पुराचं पाणी तिथवर आलंय असंच वाटेल. त्यावर ग्लॉस जेलचे दोन पातळ थर, ठोके प्रवाहाच्या दिशेने. गळून खाली गेलेलं रेझिन प्लायच्या खालून चिकटलं असेल तर तसंच राहू द्या. झाडं मात्र बदला: पावसाळ्यात पळस हिरवागार असतो.

लेआउट पश्चिमेच्या खिडकीत ठेवलाय असं फोटोवरून दिसतं. तिथून हलवा किंवा जाड पडदा लावा, थेट उन्हाने रेझिन पिवळं पडतं. धूळ मऊ ओल्या कापडाने टिपा, काच पुसायचं लिक्विड अॅक्रिलिक जेलवर वापरू नका. आणि रंगवायला बसण्याआधी टाकाऊ फोमच्या हातभर तुकड्यावर तोच रंग आणि तेच जेल लावून तो तुकडा लेआउटच्या उजेडात ठेवून बघा.